पहिल्या मजल्यावरचं शब्दांचं झाड

लिफ्ट येण्याआधी तराजूकाकांचं दार म्हणजे त्या बिल्डिंगचं विश्रांतिस्थान होतं. बिल्डिंग पाच मजल्यांची आणि काका पहिल्यावर. चढणाऱ्या माणसाला खरा दम तिसऱ्यावर लागतो, पण ओझ्याचा कंटाळा मात्र पहिल्यावरच येतो, हे ज्याने पिशव्या वाहिल्या आहेत त्याला सांगायला नको. तिसऱ्या मजल्यावरच्या शिलाईवाल्या मावशी कापडाचं गाठोडं काकांच्या उंबऱ्याशी टेकवून हात बदलायच्या. चौथ्यावरचे दातांचे डॉक्टर तिथे थांबून किल्ल्या शोधायचे. सोसायटीचे सेक्रेटरी दुसऱ्यावर राहत. त्यांच्या पोटाच्या घेरामुळे सपाट जमिनीवर हात बुटाच्या नाडीपर्यंत पोचत नसे, तो काकांच्या दारासमोरच्या पायरीवर पाय ठेवला की पोचत असे. आणि थांबलेला माणूस काहीतरी बोलतोच. "काय काका, झालं का जेवण?" एवढं जरी कुणी विचारलं तरी काकांचं जेवण अंगी लागत असे.

तराजूकाका हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. सगळी नोकरी दुकानदारांचे तराजू तपासण्यात आणि खोटी वजनं जप्त करण्यात गेली. खात्याने त्यांना निवृत्त केलं, पण काकांनी खात्याला निवृत्त केलं नाही. आणलेली साखर अजूनही घरी पुन्हा मोजली जाई. काकू गेल्यापासून ती मोजायला आणि खायला एकच माणूस होतं, तरीही.

तर अशा या बिल्डिंगीत लिफ्ट आली. सभेत काकांनी सगळ्यांच्या आधी संमतीची सही केली आणि वर उभं राहून जाहीर केलं, "वरच्या मजल्यांच्या सोयीसाठी माझी संमती आहे. पण मी स्वतः त्या लिफ्टमध्ये पाय ठेवणार नाही. पहिल्या मजल्याच्या माणसाला यंत्र कशाला हवं?" टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की माणूस आपल्याच वाक्यात अडकतो, हे काकांच्या फार उशिरा लक्षात आलं.

कारण लिफ्ट सुरू झाली आणि जिना मेला. सकाळी ऑफिसला जाणारे पाय नाहीत, संध्याकाळी परतणारी गाठोडी नाहीत, किल्ल्या नाहीत, नाड्या नाहीत. काकांच्या समोरचा ब्लॉक तर कित्येक वर्षं कुलूपबंद. त्याचा मालक परदेशी आहे की परलोकी, याबद्दल सोसायटीतच दोन मतं होती. म्हणजे अख्ख्या मजल्यावर एकटे काका. ते नेहमीसारखं दार उघडं टाकून आत पेपर वाचत बसत आणि भिंतीपलीकडून लिफ्ट घरघरत वर जाई. आत माणसं बोलत असत, हसत असत. शब्द कळत नसत. बिल्डिंग तीच, शेजारी तेच, पण काकांना गावाबाहेर टाकल्यासारखं झालं.

आणि एके दिवशी देव पावला. लिफ्ट बंद पडली.

पाचव्या मजल्यावरची सून जिन्याने वर येत होती. एका हातात भाजीच्या दोन पिशव्या, दुसऱ्या हातात उघडं पुस्तक, आणि तोंडाने "प्र, परा, अप, सम्, अनु, अव" असा जप. पहिल्यावर येताच तिने पिशव्या काकांच्या उंबऱ्याशी टेकवल्या. काका आतून जवळजवळ धावतच आले.

"काय गं सूनबाई, कसला जप चाललाय?"

"उपसर्ग पाठ करतेय, काका. शिक्षक भरतीची परीक्षा देतेय. भाषेचा पेपर आहे ना. उपसर्ग, प्रत्यय, धातू, सिद्ध शब्द, साधित शब्द... डोक्याचा पार भुगा झालाय." तिने पदराआड लपवावं तसं पुस्तक पिशवीत सरकवलं. "घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही हं."

"बरं, बरं."

"मला सांगा काका, आहार, विहार, संहार, व्यवहार. म्हणे सगळ्यांचं मूळ एकच! जेवणाचा आणि कत्तलीचा काय संबंध? पुस्तकात नुसतं छापलंय, का ते लिहीत नाहीत. तुम्हाला माहितीय?"

काकांना काडीचंही माहीत नव्हतं. पण निरीक्षकाने दुकानात उभं राहून 'मला माहीत नाही' म्हटलं तर खातं बुडायचं. शिवाय कितीतरी दिवसांनी कुणीतरी त्यांच्या दारात उभं राहून त्यांना काही विचारत होतं.

"म्हणजे काय! उद्या सांगतो," काका म्हणाले. "उद्या जाताना थांब."

"नक्की थांबते," ती म्हणाली आणि वर गेली.

संध्याकाळी लिफ्ट दुरुस्त झाली.

काका मात्र शब्दाला जागणारे. त्यांनी वाचनालय गाठलं आणि व्याकरणाचं असं एक पुस्तक आणलं की जे बहुधा छापल्यापासून कुणी उघडलं नव्हतं, कारण त्याची पानं एकमेकांना चिकटलेली होती. पहिल्याच प्रकरणात धातू भेटला. काकांनी आयुष्यभर धातूच पाहिले होते, पण ते लोखंडाचे आणि पितळेचे. हा धातू वेगळा होता. शब्दाच्या अगदी तळाशी बसलेला, त्याच्या पुढे उपसर्ग लागतो, मागे प्रत्यय लागतो आणि मग शब्द तयार होतो. काका वाचत गेले आणि त्यांना चक्क गोडी लागली. इतकी वर्षं आपण शब्द न तपासता वापरत होतो, याची त्यांना लाज वाटली. एखाद्या दुकानदाराने असं केलं असतं तर त्याची धडगत नव्हती.

रविवारी मुलाचा फोन आला. तो दुसऱ्या शहरात असतो आणि दर रविवारी न चुकता फोन करतो. फोन ठेवायलाही चुकत नाही.

"काय बाबा, काय चाललंय?"

"प्रत्यय."

"कसला प्रत्यय आला?"

"आला नाही, लागतो. मागून लागतो."

"बाबा, तुम्ही डॉक्टरांकडे जाऊन या हं एकदा," मुलगा म्हणाला.

उत्तरही सापडलं. मूळ धातू 'हृ', म्हणजे नेणे, घेणे. 'आ' लागला की आपल्यात घेणे, तो आहार. 'सम्' लागला की सगळंच्या सगळं ओढून नेणे, तो संहार. घेणारा तोच, पुढे कोण येऊन बसलं त्यावर जेवण की कत्तल हे ठरतं. काका खूश झाले. त्याखालीच आणखी एक वाक्य होतं. धातू एकटा भाषेत वावरत नाही. त्याला पुढे किंवा मागे काहीतरी लागावं लागतं. हे वाक्य काकांनी पुन्हा एकदा वाचलं आणि उगाच उठून दार उघडं आहे ना ते पाहून आले.

दार उघडं होतं. सूनबाई मात्र येईना. येईल कशी, लिफ्ट चालू होती! भिंतीपलीकडून ती रोज जात असणार, उत्तराच्या हातभर अंतरावरून. पाचवा मजला चढायचा तर काकांचे गुडघे ऐकणार नाहीत. लिफ्टने जायचं तर टाळ्या आडव्या येणार. आणि समजा गेलेच, तर दार उघडणार तिची सासू. तिला काय सांगायचं? तुमच्या सुनेला संहाराचं मूळ सांगायला आलोय? ज्या बाईला सुनेची परीक्षाच ठाऊक नाही, तिचा केवढा गैरसमज व्हायचा!

म्हणून काकांनी उत्तर दाराबाहेर, लिफ्टसमोरच्या भिंतीवर लावायचं ठरवलं. लिफ्टच्या दाराला उभी काच होती. जाता जाता दिसलं तर दिसलं. दिसायचं तर मोठं हवं. मोठं हवं तर नुसतं लिहून बरं दिसणार नाही. अशा रीतीने चार कार्डशीट जोडून एक झाड तयार झालं. मुळाशी 'हृ', खोडावर 'हार', फांद्यांवर उपसर्ग आणि टोकाला शब्द: आहार, विहार, संहार, व्यवहार, प्रहार, परिहार, उपहार, अपहार. काकांनी ते गवंड्यासारखी पाणसळ लावून सरळ चिकटवलं, एक पाऊल मागे सरून पाहिलं आणि प्रत्येक शब्दापुढे लाल पेन्सिलीने 'तपासले' अशी खूण केली.

पहिल्या सापडल्या शिलाईवाल्या मावशी. त्यांचं बोट चुकून एक नंबरच्या बटणावर पडलं आणि दार उघडलं.

"अगंबाई, हे काय? शाळा काढली की काय, काका?"

"शब्दवृक्ष आहे," काका शक्य तितक्या बेफिकिरीने म्हणाले.

मावशींनी गाठोडं टेकवलं. किती दिवसांनी टेकवलं! त्यांनी सगळ्या फांद्या वाचल्या आणि म्हणाल्या, "यात 'उद्धार' कुठेय? आमच्या सासूबाई रोज माझ्या माहेरच्यांचा करायच्या. मला चांगला पाठ आहे."

काकांनी आत जाऊन पुस्तक पाहिलं. उद् अधिक हार. चोख वजनाचा शब्द! त्यांनी मावशींच्या हातानेच तो फांदीवर लिहवून घेतला आणि शेजारी लाल खूण केली. मावशी शाळेत बक्षीस मिळाल्यासारख्या खुलल्या आणि वर जाऊन त्यांनी दारोदार सांगितलं की पहिल्या मजल्यावर शब्द तपासून मिळतात.

मग काय विचारता! जो तो एक नंबरचं बटण दाबू लागला. दातांचे डॉक्टर 'फलाहार' घेऊन आले. काकांनी तो नापास केला, कारण फल हा उपसर्ग नव्हे. डॉक्टरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दुसऱ्या दिवशी ते 'अल्पोपाहार' घेऊन आले. "यात 'उप' आहे की नाही?" "आहे, पण पुढे 'अल्प' बसलाय. अर्धा पास." यावर दोघांची अशी जुंपली की डॉक्टरांचे दोन पेशंट खाली दवाखान्यात तोंड धरून बसले होते ते तसेच बसले. उपसर्गांचं झाड पुरेना म्हणून शेजारी प्रत्ययांचं लावावं लागलं. 'खोर'च्या फांदीवर चहाडखोर, भांडखोर. 'गिरी'च्या फांदीवर कुणीतरी 'सेक्रेटरीगिरी' लिहून गेलं. काकांनी त्यापुढे 'अप्रमाणित' असा शेरा मारला, पण शब्द काही खोडला नाही. 'पण'च्या फांदीवर लहानपण, मोठेपण, शहाणपण आले. काकांना आणखी एक शब्द सुचला होता. तो पूर्णपणे चोख होता, तरी त्यांनी लिहिला नाही. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते दारात उभे राहत आणि लिफ्टचं दार उघडलं की पहिल्यांदा पाहत, सूनबाई आहे का. बाकी सगळे असत, ती नसे.

कुठलंही सुख सोसायटीच्या नियमांत बसत नाही. एके दिवशी सेक्रेटरींनी झाडाशेजारी नोटीस डकवली: 'सामायिक भिंतीवर विनापरवानगी कोणताही मजकूर, चित्र अथवा वृक्ष लावू नये.' नोटीस घाईत डकवली आणि खाली झोकात सही ठोकली. झालं असं की 'अपहार'ची फांदी उजवीकडे वाढत गेलेली होती आणि तिचं टोक बरोबर त्या सहीवर टेकलं.

मावशींनी पाहिलं आणि गाठोड्यावरच बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. तासाभरात सगळी बिल्डिंग ते पाहून गेली. शेवटी सेक्रेटरी स्वतः पाहायला आले आणि त्यांचा चेहरा त्या लाल खुणेसारखा झाला.

"माझ्या चारित्र्यावर फांदी?" ते गरजले.

"फांदी आधीची आहे. सही तुम्ही नंतर आणून टेकवलीत," काका म्हणाले. ते शब्दशः खरं होतं, पण खरं बोलून कुणाचं समाधान झाल्याचं काकांनी नोकरीतही पाहिलं नव्हतं.

तिथून काकांच्या मागे शुक्लकाष्ठ लागलं. सेक्रेटरी म्हणाले, अर्ज करा. काकांनी केला. म्हणाले, अर्जाला समोरच्या ब्लॉकची ना-हरकत जोडा. समोरच्या ब्लॉकला कुलूप! काकांनी त्या कुलपाला रीतसर अर्ज दिला, म्हणजे दाराखालून आत सरकवला. सेक्रेटरी म्हणाले, पोच कुठेय? तेव्हा मात्र काकांमधला निरीक्षक जागा झाला. त्यांनी मावशींना आणि डॉक्टरांना साक्षीला उभं करून पंचनामा केला: 'दार ठोठावले. आतून उत्तर आले नाही. हरकतही आली नाही.' सेक्रेटरींनी तो उलटसुलट वाचला आणि प्रकरण सभेपुढे ठेवतो म्हणून टाकलं.

सल्ल्यांना तर ऊत आला. डॉक्टर म्हणाले, सरळ कोर्टात जा. मावशी म्हणाल्या, कोर्ट राहू दे, तुम्ही आजारी पडा. आजारी माणसाच्या भिंतीला कुणी हात लावत नाही. कुणी म्हणालं, सेक्रेटरींच्या नावाने एक चांगली फांदी काढा, उपकाराची वगैरे. काकांनी पुस्तक पाहून सांगितलं की उपकार हा 'कृ' धातूचा, तो या झाडाला लागणारच नाही. त्यांना या तडजोडीचा संताप आला. माणसांनी एकमेकांची समजूत काढण्यासाठी धातू बदलायचा म्हणजे काय!

त्यात लिफ्ट पुन्हा अडली आणि दुरुस्तीवाला मेकॅनिक आला. त्याने बटणांची पट्टी उघडून पाहिली आणि सेक्रेटरींना विचारलं, "पहिल्या मजल्याचं बटण पार झिजलंय. फार मोठं कुटुंब राहतं का तिथे?"

काका दारातच उभे होते. "नाही," ते म्हणाले, "मी एकटाच आहे."

मेकॅनिकने एकदा काकांकडे आणि एकदा बटणाकडे पाहिलं आणि मान खाली घालून नवं बटण बसवलं.

सभेला तुफान गर्दी झाली. एरवी कोरमसाठी घराघरांतून माणसं ओढून आणावी लागत. सेक्रेटरींनी आरोप वाचले: सामायिक भिंतीचा गैरवापर, लिफ्टचा अतिवापर, पदाधिकाऱ्याची अप्रतिष्ठा. 'गैर', 'अति' आणि 'अ', तिन्ही उपसर्ग बिनचूक लागले होते आणि काकांनी नकळत मान डोलावली. मग त्यांना बोलायला सांगितलं.

काका उभे राहिले. सांगायचं होतं ते एवढंच की लोकहो, झाड राहू द्या, कारण तुम्ही ते बघायला थांबता. पण असं कुणी भर सभेत म्हणतं का? निरीक्षकाला शोभतं का? म्हणून काका भाषेच्या समृद्धीवर बोलले. धातूंवर बोलले, तत्सम आणि तद्भव यांतला फरक सांगितला आणि शेवटी म्हणाले, "हे ज्ञान सर्वांपर्यंत पोचावं, एवढाच माझा हेतू आहे."

तिथेच घात झाला.

दातांचे डॉक्टर ताडकन उठले. "काका अगदी बरोबर बोलले. सर्वांपर्यंत पोचायला हवं! मग ते पहिल्या मजल्यावर का? आम्ही प्रत्येक वेळी मध्ये उतरायचं, लिफ्ट खोळंबणार, वर लोक ताटकळणार. मी म्हणतो, झाड लिफ्टमध्येच लावा! जाता-येता सगळे वाचतील!"

"वा! अगदी छान!" मावशी म्हणाल्या. त्या बिचाऱ्या मनापासूनच म्हणाल्या. सेक्रेटरींनाही ती सूचना एकदम पटली, कारण लिफ्टमध्ये झाडाशेजारी नोटीस लावायला जागाच उरणार नव्हती, म्हणजे फांदी पुन्हा सहीवर टेकायची भीती नव्हती. ठराव एकमताने मंजूर झाला. काकांना पुष्पगुच्छ दिला गेला आणि सगळ्या बिल्डिंगने उभं राहून टाळ्या वाजवल्या. काका गुच्छ हातात धरून म्हणाले, "आभारी आहे." दुसरं काय म्हणणार? आपलं कौतुक होत असताना माणसाला रडायचीही चोरी असते.

दुसऱ्या दिवशी झाड उतरवलं गेलं. भिंतीवर डिंकाचे डाग राहिले. गुच्छ बादलीत काही दिवस टिकला, मग तोही गेला. मावशींचं गाठोडं पुन्हा परस्पर तिसऱ्यावर जाऊ लागलं. काका दार उघडं ठेवून पेपर घेऊन बसत आणि लिफ्ट घरघरत भिंतीपलीकडून जाई. आता आतले शब्द कळत असत, एवढाच फरक पडला होता. कुणीतरी मोठ्याने वाचत असे, "आहार, विहार, परि..." आणि तोवर लिफ्ट दुसऱ्यावर गेलेली असे. शब्दाचा उरलेला भाग काका स्वतःशीच म्हणत. ते त्यांचेच शब्द होते, त्यांनी एकेक तपासलेले, आणि ते त्यांच्या दारावरून त्यांना न विचारता वर निघून जात होते. काकांना त्या झाडाचा राग आला, सभेचा आला, आणि सगळ्यांत जास्त आपल्या भाषणाचा आला. एक साधं वाक्य बोलायचं होतं. सगळी व्याकरणं शिकून ते तेवढं बोलता आलं नाही.

रविवारी मुलगा म्हणाला, "बाबा, तुमचा सत्कार झाला म्हणे! मजा आहे तुमची!" काका हो म्हणाले.

अखेर एका संध्याकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, लाल पेन्सिल खिशात टाकली आणि दाराबाहेर पडले. स्वतःला सांगायला कारण तयार होतं: लिफ्टमध्ये लोक मनाला येईल ते शब्द लिहीत असणार, तपासणी नको का व्हायला? सरकारी काम म्हटलं की वचन आड येत नाही. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. बघायला कुणी असतं तर ही पाळीच आली नसती. बटण दाबलं. दार उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा काकांनी त्या लिफ्टमध्ये पाय ठेवला.

आत झाड नीट लावलेलं होतं, आरशाशेजारी, आणि त्याला लागून प्रत्ययांचं. काका ते पाहतच उभे राहिले आणि कुठलं बटण दाबायचं तेच त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. कुठे जायचंय हेच ठरलेलं नव्हतं, तर दाबणार काय? दार आपसूक मिटलं आणि लिफ्ट खाली गेली, कारण खाली कुणीतरी बोलावलं होतं.

दार उघडलं. दोन पिशव्या घेऊन पाचव्या मजल्यावरची सून उभी होती.

"काका! तुम्ही, लिफ्टमध्ये?"

"तपासणी," काका म्हणाले आणि खिशातली पेन्सिल दाखवली.

ती आत आली, पाच नंबरचं बटण दाबलं आणि पिशव्या खाली टेकवल्या. लिफ्ट निघाली. काकांना वाटलं, इतके दिवस जपून ठेवलेलं उत्तर आता एका दमात सांगून टाकावं. "मूळ धातू 'हृ'," ते घाईने म्हणाले. "म्हणजे घेणे, नेणे. तू विचारलं होतंस ना? दुसऱ्याच दिवशी तयार होतं. तू थांबते म्हणाली होतीस."

तिने मान खाली घातली. "मी आले होते, काका. एकदा जिन्याने मुद्दाम उतरून आले. तुमच्या दारात ही गर्दी! डॉक्टर काय, मावशी काय, सगळे हसत होते. मला वाटलं, काकांना आता माणसांची काय कमी? आपला एक प्रश्न घेऊन कुठे मध्ये घुसायचं? तशीच परत गेले."

काकांनी पेन्सिल खिशात टाकली. ते झाडाकडे बघत राहिले.

"परीक्षा झाली माझी," ती म्हणाली. "घरी सांगितलंच नाही, त्यामुळे पेपर कसा गेला हे विचारायलाही कुणी नाही."

"कसा गेला?" काकांनी विचारलं.

ती एकदम हसली आणि हसताना तिचे डोळे भरून आले. "चांगला गेला, काका. प्रत्ययांवर प्रश्न होता. 'पण' प्रत्यय लावून शब्द लिहा. या झाडावरचे सगळे लिहिले. आणि इथे नव्हता असा एक मनाचा घातला."

"कुठला?"

"एकटेपण."

काकांनी पेन्सिल काढली. 'पण'च्या फांदीवर जागा शोधून तो शब्द सावकाश, चांगल्या अक्षरात लिहिला. त्यापुढे लाल खूण केली.

"बरोबर आहे ना, काका?"

"चोख आहे," काका म्हणाले. "मी तपासलेला आहे."

लिफ्ट घरघरत वर चालली होती. सूनबाईचं लक्ष दारावरच्या आकड्याकडे गेलं आणि ती गडबडली. "अहो काका, तुमचा पहिला मजला मागेच गेला की!"

"जाऊ दे," काका म्हणाले आणि खाली वाकून तिची एक पिशवी त्यांनी उचलून घेतली.